मालकीणबाईंची खंडेनवमी

बेळगावला कशाला जाता, असं कुणी विचारलं की आजवर मी ‘कुंदा आणायला’ असं सांगून मोकळी होत असे. यंदा मात्र मी शुभीला मालकीण झालेली बघायला गेले होते. बघून आले. तोंड गोड झालं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे डोंगरदऱ्या आणि आनंद शोधणाऱ्या वाचकांनी वेळीच पान उलटावं.

शुभदा आणि मी सांगलीला एका वर्गात होतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वर्गभर पोरं आणि कोपऱ्यातल्या बाकावर आम्ही दोघी. पुढे मी पुण्यात एका मोठ्या पंप कंपनीच्या खरेदी खात्यात लागले आणि परवापरवा निवृत्त होईपर्यंत तिथेच चिकटून राहिले. शुभी बेळगावला वडिलांच्या कारखान्यात गेली. कारखाना म्हणजे उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतली एक लांबट शेड. फाउंड्रीतून ओबडधोबड ओतीव भाग यायचे, ते इथे मशीनवर चढवून तासायचे, भोकं पाडायची आणि पुढे पाठवायचे. नावाला मालक आप्पा, म्हणजे शुभीचे वडील. पण मशीन कुठलं कधी लावायचं, तासताना बिघडलेला भाग कसा वाचवायचा, कुणाला रागवायचं आणि कुणाच्या पोरीच्या लग्नाला रजा द्यायची, हे सगळं कित्येक वर्षं शुभीच बघायची. धाकटा भाऊ रवी बेंगळुरात कंप्युटरच्या नोकरीत होता आणि गणपतीला तेवढा यायचा.

गणपतीनंतर शुभीचा फोन आला. “मीने, आप्पा कारखाना माझ्या नावावर करायलेत. खंडेनवमीला ये. आली न्हाईस तर तोंड दाखवू नको.”

मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. याला एक खास कारण होतं. आमच्या कंपनीत मी काही वर्षं भांडभांड भांडून एक नियम करून घेतला होता. माल पुरवणारा कारखाना बाईच्या मालकीचा असेल तर निवडीत त्याला जादा गुण द्यायचे. साहेब लोक हसायचे. “मॅडम, पंपाला काय कळतंय तो कुणी घडवलाय ते?” असं एकाने भर बैठकीत विचारलं होतं. शेवटी नियम झाला. शुभीचा कारखाना आम्हाला माल द्यायचाच. आता तो बाईचा कारखाना म्हणून देणार होता. माझ्या नोकरीचं काही चीज झालं असेल तर ते हेच, असं म्हणत मी पिशवी भरली.

निपाणी

पुण्याच्या गाडीने मला निपाणीच्या स्टँडवर सोडलं. पुढची बेळगावची गाडी कर्नाटकाची. पाट्या सगळ्या कानडीत. मला कानडी अक्षर ओळखू येतं अशी माझी एक जुनी समजूत आहे. त्या समजुतीवर विसंबून मी एका लाल गाडीत चढले आणि खिडकीची जागा पटकावली.

गाडीत बायकाच बायका. डब्याच्या पिशव्या, कपाळापर्यंत ओढलेले पदर, आणि सगळ्या गाडीभर तंबाखूचा असा वास की मला पहिल्या वळणालाच ठसका लागला. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली.

“कुठं जायचं म्हणायचं?”

“बेळगावला.”

तिने मागे वळून बाकीच्यांना ही बातमी दिली आणि गाडीभर खसखस पिकली. “अवो बाई, ही चिकोडीची गाडी हाय. बेळगाव तिकडं, तुमी निघालाय हिकडं.”

पुढच्या फाट्यावर ती उतरणारच होती, मलाही तिने उतरवलं. उलटी गाडी यायला वेळ होता. फाट्यावरच्या टपरीत आम्ही चहा आणि भडंग घेतलं. भडंग इतकं तिखट की डोळ्यांतून पाणी आलं, पण मी दुसरी पुडी मागितली. बाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. पाला चाळायचा, काड्या निवडायच्या, पोती भरायची. हाताची बोटं हळदीसारखी पिवळी झालेली.

खरेदी खात्याची सवय काही जात नाही. मी चौकशी सुरू केली. “वखारीत बायका किती?”

“समद्या बायकाच की.”

“आणि मुकादम?”

“त्यो बाप्या.”

“तुमच्यातली बाई का नाही मुकादम?”

बाईने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “झालती की एक. लई हुशार बाई. मग तिचा नवरा रोज डबा द्यायला येऊ लागला. मग खुर्ची टाकून बसू लागला. मग मालक त्याच्यासंगंच बोलू लागला. आता त्योच मुकादम हाय, आन् ती आमच्यासंगं चाळाय बसतीया.” तिने भडंगाचा बकाणा भरला. “भांडान न्हाय, तंटा न्हाय. कवा झालं त्ये आमालाबी कळलं न्हाय.”

हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पिशवीत आनंद होता. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे असं झालं असेल, पण दिवस बदलतायत. उद्या माझी मैत्रीण अख्ख्या कारखान्याची मालकीण होणार आहे. 

“बरं हाय की,” ती म्हणाली. “भाऊ न्हाय व्हय तिला?”

“आहे ना.”

तिने उरलेला चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि पिऊन टाकला. “मग बघा,” एवढंच म्हणाली आणि पदर सावरून उठली.

बेळगाव, आदला दिवस

तवंदीचा घाट चढताना अंग गार झालं. पावसाळा नुकताच सरलेला, दोन्ही अंगांना उसाची हिरवी भिंत. बेळगावच्या स्टँडवर शुभी स्कूटर घेऊन उभी होती. केस पांढरे झालेत, पण हात तेच, नखांच्या कडांना तेलाची काळी रेघ असलेले. घरी न नेता तिने मला थेट कारखान्यात नेलं.

खंडेनवमीची आवराआवर चालली होती. आमच्या पुण्यातल्या कंपनीतही या दिवशी यंत्रपूजा व्हायची, पण तिथे भटजी यायचे, पर्सोनेलमधला कुणीतरी नारळ फोडायचा आणि आम्ही पेढा तोंडात टाकून जागेवर परतायचो. इथला प्रकार वेगळा. सगळी मशीनं आदल्या दिवशी बंद ठेवून अंघोळ घातल्यासारखी धुऊन पुसून काढतात. कोपऱ्यात पक्कड, पाने, हातोड्या, मापाची हत्यारं, सगळी तेल लावून मांडलेली. दारात झेंडूची पोती आणि केळीचे खांब.

मधल्या संगणकी लेथपाशी एक तरतरीत बाई फडक्याने काच पुसत होती. “ही रेणुका,” शुभी म्हणाली. “कंग्राळीची. झाडलोट करायला आलती. आता डोळे झाकून मशीन लावते. हिच्या गल्लीतल्या आणखी दोघी आहेत. तिघी मिळून ही रांग चालवतात.”

रेणुका लाजली. “आक्का मागं उभ्या असत्यात म्हणून जमतंय. चुकलं की पाठीत धपाटा घालत्यात.”

“घालत्येच की,” शुभी म्हणाली, आणि खरोखरच तिने तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला.

मग शुभीने मला तिथली रीत सांगितली, आणि ती वाचकांनीही नीट ऐकून घ्यावी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खंडेनवमीला पूजेला जोडप्याने बसायचं. नवरा पूजा करतो, बायको त्याच्या हाताला हात लावते. पूजा झाली की कोहळा फोडायचा, आणि पूजेला बसलेल्या माणसाने पहिलं मशीन चालू करायचं. “शॉपमधली, मशीनवरची माणसं कागद वाचत न्हाईत मीने. खंडेनवमीला पूजेला कोण बसलं आणि पहिलं मशीन कुणी फिरवलं, एवढं बघतात. त्याचाच शब्द वर्षभर चालतो.”

पूर्वी आप्पा आणि तिची आई बसायची. आई गेल्यावर आप्पांना एकट्याने बसता येईना. मग कारखान्यातले सगळ्यात जुने टर्नर कल्लाप्पा आणि त्यांची बायको बसू लागली. पण कल्लाप्पांनी पूजा करून मशीनला हात लावला नाही. “आक्का, त्ये तुमचं काम,” म्हणून बाजूला झाले, आणि शुभीने मशीन फिरवलं. यंदा मात्र शुभी आणि तिचा नवरा महेश बसणार, असं तिने धरून ठेवलं होतं. महेश वडगावच्या विणकरांच्या घरातला, शाळेत मास्तर. त्याच्यासाठी तिने रेशमी सोवळं घेतलं होतं आणि स्वतःसाठी सासरच्या मागावरची मोरपंखी साडी.

“नावाची पाटी उद्या लागणार. पण मला ती पाटी नको गं,” ती म्हणाली. “मला हे शॉप पाहिजे. माझं म्हणून, राजरोस.”

संध्याकाळी आप्पांच्या घरी चहाला गेलो. देवापुढे कडाकण्यांची, म्हणजे कडक गोड पुऱ्यांची, माळ टांगलेली, बाजूला ज्वारीची हिरवी रोपं उगवलेला घट. रवी आणि त्याची बायको प्राजक्ता बेंगळुराहून आली होती. रवी फार सालस माणूस आहे, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण तो दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. त्याने स्वतः चहा केला, माझ्या पाया पडला. त्याची नोकरी उन्हाळ्यात गेली होती. दुसरी मिळेना, तेव्हा आता बेळगावलाच राहायचं ठरलं होतं. हे मला शुभीने फोनवर सांगितलं नव्हतं.

“मीनाताई, तुमच्या कंपनीची पॉलिसी मीच वाचून दाखवली आप्पांना,” तो उत्साहाने म्हणाला. “जेंडर बॅलन्सवर आता सगळीकडे भर आहे. म्हटलं, आपल्याकडे ताई असताना आपण मागं का राहायचं? निम्म्याहून जास्त हिस्सा ताईच्या नावावर. मॅनेजिंग डायरेक्टर ताई. वर काचेची केबिन केलीय तिच्यासाठी, एसी लावलाय. कस्टमर आले, प्रदर्शन असलं, बँकेचे लोक आले, की ताई. ती आमचा चेहरा.”

“आणि खाली?” मी विचारलं.

“शॉप आणि खरेदी मी बघतो. ताईनं किती वर्षं तेलात हात घालायचे? तिलाही आराम नको?”

शुभी बशीतल्या कुंद्याकडे बघत होती. कुंदा मी आणलेला नव्हता, त्यांचाच होता, आणि एरवी मी त्यावर तुटून पडले असते.

आप्पा माझ्याकडे वळले. “बाई, तुमचे उपकार हायत आमच्यावर. तुमी त्यो नियम केला म्हणून पोरीच्या नावानं कारखाना झाला. न्हायतर आमच्या डोक्यात कुठलं येतंय हे?”

मी भांडून भांडून केलेल्या नियमाचं फळ माझ्यासमोर पाटावर बसून चहा पीत होतं आणि मला धन्यवाद देत होतं.

शुभीने मान वर केली. “आप्पा, उद्या पूजेला कोण बसायचं?”

“रवी आन् प्राजक्ता बसतील की. घरात जोडी असताना आता कल्लाप्पाला कशाला त्रास?”

“मी आणि महेश बसतो की.”

आप्पा रागावले नाहीत. लहान पोराला समजवावं तसं म्हणाले, “अगं, जावई पूजेला बसला तर कारखाना जावयाचा झाला म्हणतील लोक. तू दिलेली पोरगी. असं चालतंय व्हय?”

माझं डोकं फिरलं. “अहो आप्पा, कागदावर तर तुम्ही तिलाच मालकीण केलीत!”

“केली की! मी कुठं न्हाय म्हणतोय? मालकीण तीच.” त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “पण बाई, कागद कंपनीसाठी हाय. पूजा देवासाठी.”

एवढी वर्षं मी बैठकांमध्ये बोलले. बाईला संधी, बाईला खुर्ची, बाईला निर्णयाचा हक्क. माझ्याशी वाद घालणारे साहेब तरी बरे, ते नाही म्हणायचे. आप्पा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते.

परतताना शहापूरच्या गल्लीतून आलो. एका घरातून मागाचा खडखडाट येत होता. शुभीने स्कूटर हळू केली. “पहिलं मशीन मी चालू करीन,” ती म्हणाली. “त्याला आप्पा न्हाय म्हणाले न्हाईत. कल्लाप्पा पूजेला बसायचे तरी मशीन मीच फिरवलंय की.” ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

खंडेनवमी

सकाळी कारखाना ओळखू येईना. दाराला केळीचे खांब आणि ऊस, प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, स्कूटरींनाही माळा. माणसं बायकापोरांसकट आलेली. रेणुका आणि कंग्राळीच्या दोघी जरीकाठाच्या साड्या नेसून आपल्या रांगेपुढे घरच्यासारख्या उभ्या होत्या. त्यांनी आपल्या लेथला एवढी फुलं बांधली होती की खाली मशीन आहे की मखर, कळू नये.

आधी फोटो. नवी पाटी लागली होती, तिच्यावर शुभीचं नाव आणि खाली हुद्दा. मोरपंखी साडीत शुभी पाटीजवळ उभी राहिली. रवीने मला तिच्या शेजारी उभं केलं. “हा फोटो तुमच्या कंपनीला पाठवू,” तो म्हणाला. फोटोत मी हसले आहे. तो बघायची माझी इच्छा नाही.

मग भटजींनी हाक मारली. रवी आणि प्राजक्ता पाटावर बसली. महेश घरच्या साध्या सदऱ्यात मागे उभा होता. रेशमी सोवळं कपाटातच राहिलं. त्याने एकदा शुभीकडे बघितलं आणि मान खाली घातली. बिचारा भला माणूस, पण भल्या माणसांनी मान खाली घालायची आणि आम्ही त्यांना भले म्हणायचं, असाच हा जुना व्यवहार आहे.

पूजेच्या शेवटी भटजी म्हणाले, “बहिणीनं ओवाळा.” मॅनेजिंग डायरेक्टरीणबाई तबक घेऊन पुढे झाल्या आणि त्यांनी भावाला ओवाळलं. बायकांनी कौतुकाने बघितलं. एक म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, “अशी भण मिळाया नशीब लागतंय.”

दारात कोहळा फुटला. सगळे मधल्या लेथपाशी गोळा झाले. शुभी मशीनजवळ जाऊन उभी राहिली. तिने पदर खोचला होता. त्या क्षणी तिचा चेहरा सांगलीच्या वर्कशॉपमधला होता, पहिल्यांदा लेथ फिरवायची पाळी आली तेव्हाचा. 

आप्पा म्हणाले, “रवी, दाब बटण.”

शुभी एक पाऊल मागे सरली. एकच.

रवीने नमस्कार केला आणि हिरवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मशीनवरचा लाल दिवा लागला आणि टीं टीं असा आवाज सुरू झाला. रवीच्या कपाळावर घाम आला. पोरं हसली, आया दटावू लागल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, “अपशकुन झाला म्हणायचा.” कल्लाप्पांनी मशीनकडे बघितलंच नाही, ते शुभीकडे बघत होते. रेणुकाही. भटजींच्या हातातली घंटा थांबली.

काय झालं होतं ते मलाही कळलं होतं. धुताना तातडीने मशीन बंद करायचं लाल बटण आत दाबलं गेलं होतं आणि वरून झेंडूच्या माळा चढल्या होत्या. ते पिळून मोकळं केल्याशिवाय मशीन हलणार नव्हतं. मनातल्या मनात मी ओरडत होते, शुभे, गप्प उभी राहा. अडू दे मशीन. सगळ्यांच्या देखत तुला बोलवू दे. मग पुढे हो आणि तू फिरव. 

शुभी पुढे झाली. सरकलेली माळ नीट करावी तशी वाकली, फुलांच्या आत हात घातला, बटण पिळलं, दुसऱ्या बोटाने लाल दिवा घालवला. मग रवीच्या कोपराला हलकेच हात लावून कानाशी म्हणाली, “आता दाब.”

मशीन घुमलं. घंटा वाजली, “अंबाबाईचा उदो” झाला, टाळ्या पडल्या. कल्लाप्पा पुढे येऊन रवीला म्हणाले, “मालक, पेढे वाटूया?”

रवीला मालक म्हणण्याची ती पहिली वेळ. निम्म्या जन्माचं काम शुभीच्या हातून गेलं, ते एवढ्या वेळात.

जेवणाच्या पंगतीत मी तिला गाठलं. होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, वाढल्या जात होत्या, वर तुपाची धार. मी दबक्या आवाजात पण संतापून विचारलं, “का केलंस असं? थांबली असतीस जरा!”

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी अजून सांगलीच्याच बाकावर बसले आहे. “आणि मशीन अडलं असतं तर बोल कुणाला लागला असता मीने? रवीला? पाटी कुणाच्या नावाची लागलीय सकाळी?” तिने होळगीचा तुकडा मोडला. “बाईच्या नावावर कारखाना केला आन् पहिल्याच दिवशी मशीन बंद पडलं, असं झालं असतं. मग माझं तर जाऊ दे. ह्या तिघींना उद्या कोण मशीनला हात लावू देईल?”

मी होळगीवर आणखी तूप घेतलं. दुसरं काय करणार होते?

दसरा

दसऱ्याला बेळगावात आपट्याची पानं द्यायला माणसं घरोघर हिंडतात. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,” म्हणत कारखान्यातली माणसं सकाळपासून आप्पांकडे येत होती. आप्पांना सोनं देत, मग रवीला, मग आत जाऊन शुभीला. आदल्या वर्षीपर्यंत आप्पांनंतर शुभी असायची. क्रम कुणी ठरवला नव्हता. बैठक झाली नव्हती, कुणी विरोध केला नव्हता. मला निपाणीची ती बाई आठवली आणि तिचा राग आला. तिला सगळं एवढं आधीच का माहीत असावं?

दुपारी रेणुका आणि दोघी आल्या. रवीने त्यांना खुर्च्या दिल्या, कडाकण्या दिल्या, आणि फार अदबीने सांगितलं की सुट्टीनंतर त्यांनी पॅकिंगला यायचं. पगार तोच. काम हलकं, सावलीतलं. मशीनवर बायका असल्या की कुणीतरी जाणकार मागे उभं लागतं, आणि ताई तर आता वर बसणार.

“पण आमाला येतंय की आता,” रेणुका म्हणाली.

“येतं गं. पण उद्या हाताला काही लागलं तर जबाबदारी ताईवर येणार. आता ती मालकीण आहे ना?”

शुभी आतून पाणी घेऊन येत होती. ती दारातच उभी राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, “रवी, ह्यावर आपण बोलूया नंतर.” रवी म्हणाला, “बोलूया की ताई, तू म्हणशील तसं,” आणि ते खरंच मनापासून म्हणाला.

निघताना रेणुकाने मला सोनं दिलं. फाटकाशी थांबून म्हणाली, “बाई, आक्का मोठ्या झाल्या हे चांगलंच झालं. पण आमची आक्का गेली हो.” डोळे पुसून ती कंग्राळीच्या बससाठी झपाझपा चालू लागली.

मी त्याच संध्याकाळी निघाले. आप्पांनी कुंद्याची पेटी दिली. निपाणीत गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरले नाही.

पुणे

पुण्यात आल्यावर खरेदी खात्यातल्या माझ्या जागेवर आलेल्या मुलीचा फोन आला. ती आनंदात होती. बेळगावहून फोटो पोचला होता. “मॅडम, तुमच्या नियमानं अजून एक बाई वर आली!” ती गुणी मुलगी आहे. मी तिला खरं सांगायला तोंड उघडलं आणि मनातल्या मनात यादी केली. हिस्सा शुभीच्या नावावर आहे. पाटी आहे. केबिन आहे. तपासायला माणूस पाठवला तर खुर्चीत बाईच बसलेली दिसणार. नियमात मी याहून जास्त काही मागितलंच नव्हतं. कुणाच्या घरातल्या पूजेत शिरणारा नियम कसा लिहायचा असतो?

सुट्टी संपून कारखाना सुरू झाला त्या दिवशी दुपारी शुभीने फोन केला. मी विचारलं, “काय मालकीणबाई, पहिली सही कशावर केलीत?”

ती म्हणाली, “तिघींच्या पॅकिंगच्या बदलीवर.”

“शुभे!”

“लई बोलले मी. भांडले. रवी म्हणाला, ताई, तू म्हणशील तसं, पण मग त्यांच्या मागं रोज खाली कोण उभं राहणार ते सांग. मी म्हटलं, मी. तर आप्पा म्हणाले, मालकिणीनं शॉपमध्ये उभं राहिलेलं बरं दिसत न्हाय. झालं.”

शुभीच्या फोनमागे नेहमी मशीनांचा एवढा गलका असायचा की दोघींनाही ओरडून बोलावं लागायचं. आज तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

“काचेची खोली आहे गं,” ती म्हणाली. “आवाज वर येतच न्हाय. सकाळपासून बसलेय. टेबल दोनदा पुसलं.” मग तिने अगदी साध्या, खरोखर माहिती हवी असलेल्या स्वरात विचारलं, “मीने, तू एवढ्या मोठ्या कंपनीत होतीस. मॅनेजिंग डायरेक्टर दिवसभर काय करतात गं?”

मी म्हटलं, आठवून सांगते. अजून मी तिला फोन केलेला नाही.